पाइप का फुटला?

बाबा फिटर, त्यामुळे रसायनीतल्या आमच्या घरात 'पाइप गेला' हे वाक्य नेहमीचं. मागे एक स्टेनलेसचा पाइप फुटला तेव्हा बोलणी बाबांनीच खाल्ली. तुकडा भंगारात. का फुटला, कोणी विचारलंच नाही.

खरं तर स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर नायट्रिक ॲसिडलाही दाद देत नाही. पण पाण्यातले क्लोराइड तो भेदतात. जोडीला उष्णता आणि धातूत ताण असला, की बारीक तडे जातात आणि पाइप न झिजताच फुटतो. याला स्ट्रेस करोजन म्हणतात (मराठी शब्द कॉन्व्हेंटवाल्यांना विचारू नये!).

असे तुकडे तपासून कारण सगळ्यांना सांगणं, मटेरियल्सवाल्यांच्या संस्था मला त्यासाठीच हव्याशा वाटतात. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सचा मुंबई चॅप्टर आपल्याला जवळचा. विद्यार्थ्यांनाही सभासद होता येतं.

1960च्या दशकात अमेरिकेत अंतराळयानांच्या टायटॅनियम टाक्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडमुळे तडकल्या. तपासात कळलं, द्रव्य जरा जास्तच शुद्ध होतं! थोडा नायट्रिक ऑक्साइड मिसळला आणि तडे थांबले. हेच द्रव्य पुढे इथे रसायनीत, एचओसीत बनू लागलं.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमचा तुकडा कोण बघणार?" पुढचा जपून ठेवायला सांगितलाय.