फाटकावरचं घर

लॉज म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडजवळची मुक्कामाची खोली आठवते. इंग्लंडमध्ये मात्र जमीनदाराच्या इस्टेटीच्या फाटकाला लागून असलेल्या छोट्या घरालाही लॉज म्हणतात. आज त्या घराची माहिती घेऊ.

या इस्टेटी हजारो एकरांच्या असत. मालकाचा वाडा कधी कधी फाटकापासून मैलभर आत. पाहुण्याच्या नजरेत आधी भरायचं ते फाटकच. म्हणून 18व्या आणि 19व्या शतकात मालकांनी तिथे हौसेने खर्च केला. यॉर्कशायरमध्ये कॅसल हॉवर्डच्या वाटेवर 1719 सालची वेस आहे. तिच्या कमानीवर चक्क दगडी पिरॅमिड आहे!

काही ठिकाणी शोभेसाठी वाटेच्या दोन्ही अंगांना एकसारखी दोन घरं बांधत. जोडी देखणी दिसे, पण राहणारं कुटुंब एकच. एकीकडे स्वयंपाक, दुसरीकडे झोपायची खोली. भर पावसात लेकरांना घेऊन वाट ओलांडायची.

आणि फाटक कोण उघडायचं? नवरा बहुधा इस्टेटीवर माळी, नाहीतर रानाचा राखणदार. तो दिवसभर कामावर. मग बग्गीची चाहूल लागली की हातातलं काम टाकून धावायची ती घरातली बाई. कधी हे काम एखाद्या विधवेलाही देत. मोबदला म्हणजे अनेकदा डोक्यावरचं छप्पर. पण घर कामाला बांधलेलं. काम सुटलं की घरही सोडायचं. इस्टेटींवरच्या शेतमजुरांचंही तसंच होतं. त्यांना घरातून सहज काढता येऊ नये म्हणून तिथे 1976 साली कायदा झाला.

विसाव्या शतकात कर वाढले, इस्टेटी मोडल्या, कितीतरी वाडे पाडले गेले. काही ठिकाणी वाडा गेला, पण फाटकावरचं घर राहिलं. त्यातली बरीच घरं आता संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय त्यांचं रूप बदलता येत नाही.

कमानींवर मालकाच्या घराण्याची चिन्हं दिसतात. फाटक उघडणारीचं नाव तिथे नसतं. जनगणनेच्या जुन्या वह्यांत मात्र काही बायकांच्या नावापुढे 'लॉजकीपर' असा धंदा लिहिलेला सापडतो. तेवढीच तिच्या कामाची नोंद.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना 8चा उतारा आणा. त्यावर कोणाकोणाचं नाव आहे, ते मिळून वाचू.