बादलीत गेलेलं पाणी

मागच्या महिन्यात प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत केल्या. अकोला आणि अमरावती मिळून बत्तीस वर्षं रक्त तपासलं. त्यातली पहिली पंधरा हिमोग्लोबिन, साखर आणि मलेरियाच्या काचांत गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. 2009 ते 2019 हे सिकलसेलचं दशक मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

राज्याचा सिकलसेल कार्यक्रम तेव्हा मेळघाटात पोचत होता. धारणी-चिखलदऱ्याच्या आश्रमशाळांत आम्ही टेबल मांडायचो. बोट टोचायचं, थेंब द्रावणात सोडायचा, पाच मिनिटांनी नळी छापील रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या की पोर सुटलं. नळी गढूळ झाली, रेघा बुडाल्या, की पुढची तपासणी: नुसतं वाहक, की रुग्ण?

अकोल्याला एक माउली दोन मुलांना घेऊन यायची. "भाऊ, लहान्याचे हाडं दुखून राह्यले, मोठ्याले काहीच नाही होत. रोग तं दोघायले एकच सांगतला तुम्ही." खरंच एकच होता. पॉलिंगनी 1949 मध्ये या आजारातलं हिमोग्लोबिनच वेगळं असल्याचं दाखवलं, इन्ग्रॅमनी 1957 मध्ये त्यातलं चुकलेलं एकच अमिनो आम्ल हुडकलं. दोघा भावांत तीच चूक, मग एकालाच कळा का? काहींच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, हे मी सांगायचो. त्यापुढे मला काही येत नव्हतं.

त्यापुढचं काही नळीतच होतं. ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, मिळाला की सरळ होते. या ओढाताणीत तिच्या आवरणाचे बारीक कण, पुटिका, सुटतात. बिंबाणूंपासून सुटणाऱ्या अशा कणांना पीटर वुल्फनी 1967 मध्ये धूळ म्हटलं होतं. आज कळतं की लाल पेशींची ही धूळ हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, वाहून नेते, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा करते, रक्त गोठायला हातभार लावते. तिच्यातली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरवर वाचली की कण कोणत्या पेशीचा, हे ओळखता येतं. एकाच आजाराचे दोन रुग्ण वेगळे का, याचा शोध जगात या वाटेनंही चाललाय.

त्याच शोधासाठी आमच्याकडे 2014 मध्ये मोठ्या शहरातलं एक पथक आलं होतं. संमतीच्या कागदांवर आयांचे अंगठे मी घेतले. मे महिना होता. आख्ख्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून जीपनं निघाल्या, हरिसाल, सेमाडोह, परतवाड्याचा घाट, मग रात्रीची गाडी. रक्त असं हिंदकळलं, रखडलं, तापलं की पेशी नळीतच नव्या पुटिका सोडतात. मग रुग्णाच्या कोणत्या आणि रस्त्याच्या कोणत्या, कसं निवडणार? प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचं पाणी, तिथल्या तिथे, पहिल्या काही तासांत वेगळा करून उणे ऐंशी अंशांवर गोठवायला हवा होता. निकाल कुणी कळवला नाही. विचारायला मात्र त्या आया माझ्याकडेच यायच्या, आणि मी मान खाली घालायचो.

1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. तपासणी हवीच, तिच्यासाठी मी घाट तुडवलेत. पण तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर पुढे काय? व्हॉक्सेलोटर हे नवं औषध सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनंच जगभरातून मागे घेतलं. जनुक-संपादनाचा उपचार ब्रिटन-अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाला, त्याची किंमत इथे कुणाला उच्चारवतही नाही. आमच्या पोरांना औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरियाच. आयसीएमआरचं सिकलसेलचं केंद्र चंद्रपूरला, मेळघाटापासून विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला. अकोल्याला 2002 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीतही 2024 मध्ये झालं. पण प्लाझ्मा जागीच वेगळा करून गोठवायला धारणीत एक चांगला सेंट्रिफ्यूज, एक डीप फ्रीझर आणि अखंड वीज, एवढं द्या. कण वाचणारं महागडं यंत्र खुशाल दूरच्या शहरात राहू द्या.

तो लहाना आता मिसरूड फुटलेला पोरगा आहे. माझ्या शेवटच्या दिवशी एकटाच आला, कंबर धरून. नमुना फिरवला. वर आलेला प्लाझ्मा हळदीसारखा पिवळा होता. बिलिरुबिनच्या तपासणीपुरता थोडा काढून घेतला आणि उरलेला, रोजच्यासारखा, हायपोक्लोराइटच्या बादलीत ओतला.