पहिली गोळी कुणी लिहायची?

समजा, खर्ड्याजवळच्या एखाद्या वस्तीवरचे आजोबा चक्कर येते म्हणून उपकेंद्रात आले. समोर पांढऱ्या ॲप्रनमधल्या मॅडम. आजोबांच्या लेखी त्या डॉक्टरीणबाई. कागदोपत्री मात्र त्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. नर्सिंगची नाहीतर आयुर्वेदाची पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण, एवढी त्यांची तयारी.

मॅडम बीपी मोजतात. तिशी ओलांडलेल्यांचं बीपी, साखर, तोंडाची तपासणी हे त्यांचं नेहमीचंच काम. आकडा चढा निघतो. आजोबांना पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजतात; तरी तसाच. इथपर्यंत त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. बीपीची पहिली गोळी मात्र डॉक्टरांनीच लिहायची. म्हणून मॅडम ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून डॉक्टरांना कॉल लावतात, किंवा आजोबांना प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडतात. गोळी एकदा ठरली, की दर महिन्याला ती देणं, बीपी बघणं, आजोबा फिरकले नाहीत तर आशाताईंना घरी पाठवणं, हे सगळं उपकेंद्राकडे. माझ्या मते बीपीत खरी लढाई इथेच असते; बरं वाटलं की गोळी बंद करणारे घरोघरी आहेत.

शस्त्रक्रिया, गर्भपात हा प्रांत डॉक्टरांचा. पण जिवावर बेतलं तर रेषा थोडी सरकते. गरोदरपणात बीपी वाढून झटके आले, तर नर्सबाई मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस टोचून मगच बाईला पुढे पाठवू शकतात. रस्त्यात जाणारा वेळ लक्षात घेऊनच ही मुभा दिलेली आहे.

औषध कुणी लिहायचं याची रेषा सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चं शिक्षण सुरू केलं. आज तिथल्या बऱ्याच राज्यांत अशी नर्स स्वतःच्या सहीने औषध लिहिते. आपल्याकडे या नावाचे अभ्यासक्रम आहेत, पण मुख्यतः अतिदक्षता विभाग आणि प्रसूती यांच्यासाठी. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या 32 व्या कलमात डॉक्टर नसलेल्या मधल्या फळीतल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची सोय आहे: प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, बाकी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. या कलमाविरुद्ध डॉक्टरांच्या संघटना तेव्हा संपावर गेल्या होत्या.

गंमत म्हणजे खर्डा ज्या जामखेड तालुक्यात येतं, तिथे डॉक्टर नसेल तिथे उपचार कुणी करायचे हा प्रश्न त्याआधी कितीतरी वर्षं सोडवायला घेतला गेला होता. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं. गावोगावी आधी नर्स पाठवून पाहिल्या. त्या रुळल्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण हे त्या शिकल्या आणि निभावूही लागल्या. अवघड केस तेवढी जामखेडच्या दवाखान्यात पाठवायची.

आजोबा पुढच्या महिन्यात येतात. बीपी अजून चढंच. मॅडम गोळीची मात्रा वाढवत नाहीत. पुन्हा डॉक्टरांना कॉल लावतात.