टर्बो इंजिनाच्या ट्रॅक्टरची निगा

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. नेमका याच वेळी ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला आणि ओढीला कमी पडू लागला, तर शेतकऱ्याची अडचण होते. इंजिन टर्बोचे असेल तर दोष सहसा टर्बोवर ढकलला जातो आणि तो महागडा भाग बदलण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात टर्बो बहुधा आपणहून बिघडत नाही. धूळ, खराब ऑईल आणि तापलेले इंजिन एकदम बंद करण्याची सवय या तीन गोष्टी त्याला बिघडवतात. या तिन्ही गोष्टी टाळणे चालकाच्या हातात आहे.

टर्बोचे कार्य

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ किलो, म्हणजे जवळजवळ १० हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात इंजिन याहून बरीच जास्त हवा घेते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच आत येते. टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. बाहेर जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, तर दुसरा पंखा हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतो. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात जास्त डिझेल चांगले जळते व अश्वशक्ती वाढते.

पूर्ण भारावर हा दांडा मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि धुराकडील पंखा पाचशे-सहाशे अंश सेल्सिअस तापमानात काम करतो. दांड्याला आधार असतो तो इंजिन ऑईलच्या पातळ थराचा. तेच ऑईल त्याला वंगण देते आणि थंडही ठेवते. हा थर तुटला की काही क्षणांत बेअरिंगला इजा होते.

चालू आणि बंद करताना

इंजिन सुरू झाल्यावर लगेच रेस करू नये. अर्धा ते एक मिनिट मंद गतीवर चालू द्यावे, म्हणजे ऑईल टर्बोपर्यंत पोचते.

बंद करताना अधिक काळजी घ्यावी. उसाची भरलेली ट्रॉली ओढून कारखान्याच्या काट्यावर आल्याबरोबर इंजिन बंद केले, तर ऑईलचा पंप थांबतो. पण टर्बोचा दांडा काही काळ फिरतच राहतो. अतिउष्ण भागात अडकलेले ऑईल जळून त्याचा कोळसा होतो व ऑईलचा मार्ग बुजतो. म्हणून जड कामानंतर इंजिन तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर चालवून मगच बंद करावे. मात्र तासन्तास विनाकारण मंद गतीवर ठेवणेही योग्य नाही. त्यामुळे टर्बोच्या सीलमधून ऑईल झिरपू शकते.

हवेची गाळणी

उन्हाळ्यात रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवताना ट्रॅक्टर धुळीच्या लोटातच उभा असतो. गाळणीतून निसटलेली धूळ आधी टर्बोच्या पंख्याच्या कडा झिजवते, नंतर रिंग आणि लायनर खाते.

१) धूळ साठण्याची वाटी किंवा रबरी झडप रोज साफ करावी.

२) कोरड्या गाळणीची बाहेरची जाळी आपटू नये. हवेने साफ करताना दाब दोन किलोपेक्षा जास्त नसावा आणि हवा आतून बाहेर मारावी.

३) आतली सुरक्षा जाळी साफ करून पुन्हा वापरू नये. ती ठरल्या वेळी बदलावी.

४) गाळणी ते टर्बो हा रबरी पाइप आणि त्याच्या पट्ट्या तपासाव्यात. इथे भेग असेल तर गाळणी असून नसल्यासारखी होते.

ऑईल, पाणी व डिझेल

ऑईलची पातळी रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना पाहावी. ऑईल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच वापरावे. अनेक ट्रॅक्टरांत ते २५० तासांनी बदलण्याची शिफारस असते. सतत धुळीत काम असेल तर त्याआधीच बदलावे. ऑईलची गाळणीही त्याच वेळी बदलावी. ऑईलमध्ये केलेली काटकसर टर्बोच्या खर्चात दामदुपटीने वसूल होते.

रेडिएटर आणि इंटरकूलर असल्यास त्याच्या जाळीतला भुसा रोज काढावा. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ निकष लागू झाले आहेत. यातील अनेक इंजिनांत कॉमन रेल पद्धतीने अतिशय उच्च दाबाने डिझेल फवारले जाते. पाण्याचा थोडा अंशही त्यांच्या इंजेक्टरला घातक ठरतो. म्हणून डिझेल गाळणीतले पाणी वेळच्या वेळी काढावे आणि टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. या इंजिनांचे डिझेल पाइप शेतावर स्वतः सैल करू नयेत.

टर्बो बदलण्यापूर्वी

काळा धूर व कमी ओढ : प्रथम हवेची गाळणी, मग टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा पाइप आणि इंजेक्टर तपासावेत.

निळा धूर : ऑईल जळत आहे. टर्बोचे सील दोषी ठरवण्यापूर्वी तुंबलेली हवेची गाळणी, टर्बोतून ऑईल परत नेणारी नळी आणि ब्रीदर पाहावेत. यांतील काहीही बुजले तरी चांगल्या टर्बोतूनही ऑईल गळते. रिंग झिजल्यानेही निळा धूर येतो.

शिट्टीसारखा आवाज : दाबाची हवा कुठेतरी निसटत आहे. पट्ट्या आवळाव्यात.

घासल्यासारखा आवाज : पंखा कवचाला लागत असण्याची शक्यता आहे. इंजिन त्वरित थांबवावे व जाणकार मेकॅनिकला दाखवावे.

इंजिन पूर्ण थंड व बंद असताना हवेचा पाइप काढून पंखा बोटाने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे, कवचाला घासता कामा नये. पाइप काढलेला असताना इंजिन कधीही सुरू करू नये.

सारांश, रोजची दहा मिनिटांची तपासणी आणि बंद करण्यापूर्वीचा तीन ते पाच मिनिटांचा धीर, एवढे पथ्य पाळले तर टर्बो सहसा दगा देत नाही. ट्रॅक्टर मालकापेक्षा चालकच जास्त हाताळतो. तेव्हा हे पथ्य मालकाने चालकाला समजावून सांगावे आणि झालेल्या कामाची तासांसह नोंद वहीत ठेवावी. पेरणीच्या ऐन वेळी ही वहीच कामाला येते.