शकुंतला, खान आणि तेविसावं शतक

मँचेस्टरमध्ये 1921 साली घडवलेलं वाफेचं इंजिन आपल्या शकुंतला या आगगाडीला ओढत होतं, ते थेट एप्रिल 1994 पर्यंत. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, आणि रूळ अडीच फुटी. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं. एका देशात, एका वर्षात कोळशाची धग आणि कक्षेतला उपग्रह! 1921 साली कुणी लेखकाने 1994 च्या भारतावर कथा लिहून तीत हे दोन्ही घातलं असतं, तर संपादकाने 'यातलं एक काहीतरी काढा' असंच सांगितलं असतं.

दूरच्या भविष्यावरच्या बहुतेक मालिका नेमक्या इथेच फसतात. त्यांच्या तेविसाव्या शतकात सगळंच नवं असतं. भिंती चकचकीत, कपडे एकसारखे, गंजलेला खिळा कुठे दिसायचा नाही. खऱ्या जगात जुनं असं एका रात्रीत जात नाही. कंत्राट संपत नाही, पैसा नसतो, किंवा त्यावाचून कुणाचं अडतं, म्हणून ते चालत राहतं. ज्या मालिकेत एखादं यान सत्तर वर्षं जुनं आहे आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, ती मला लगेच खरी वाटायला लागते.

खरेपणाचा दुसरा प्रश्न वेगाचा; त्याचं गणित थोडक्यात सांगतो. व्हॉयेजर-1 हे अवकाशयान सेकंदाला साधारण 17 किलोमीटर जातं. म्हणजे अमरावती सोडल्यावर सहा सेकंदांत अकोला. त्याच वेगाने सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्यापर्यंत जायचं तर सुमारे 75 हजार वर्षं लागतील. दर आठवड्याला नवा ग्रह दाखवायचा असेल, तर प्रकाशापेक्षा वेगवान यानाची थाप मारल्याशिवाय मालिकेला गत्यंतर नाही. प्रेक्षक ती थाप आनंदाने मान्य करतो. त्याची अट एकच असते: एकदा थाप मारलीत ना, आता तिचे परिणाम निस्तरा.

हे निस्तरणं कसं असतं ते जयंत नारळीकरांच्या पानिपतावरच्या कथेत पाहावं. बदल एवढाच, की 1761 साली विश्वासरावांना गोळी लागत नाही. तेवढ्यावरून मराठे टिकतात, ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या ठिकाणांपुरती उरते, आणि पुण्याहून मुंबईला निघालेल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला वाटेत सरहद्दीच्या स्टेशनावर परवाना तपासून घ्यावा लागतो. ही कथा भविष्यातली नाही, हे कबूल. पण एक धागा ओढला की वस्त्र कुठे कुठे आकसतं हे लेखकाने शोधायचं असतं, आणि आगगाडीच्या डब्यापर्यंत जाऊन नारळीकरांनी ते शोधलं.

याउलट ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर दिसलेली 'स्टार ट्रेक' घ्या. माणूस इथे विरघळतो आणि ग्रहावर प्रकटतो. ही युक्ती जन्मली ती खर्चाच्या चणचणीतून. दर भागात यान उतरवण्याचे देखावे परवडणारे नव्हते. पण असं यंत्र असेल तर मालवाहतूक, तुरुंग, दवाखाने, सगळंच बदलायला हवं. ते बदलत नाही. उलट संकट आलं की नेमकं हेच यंत्र बंद पडतं! आपल्याकडचा प्रेक्षक पहिल्याच खेपेला विचारेल, 'काहून भाऊ, कालपर्यंत तर चालू होतं?'

सातत्याची खरी परीक्षा तारखांची असते, आणि त्यात 'स्टार ट्रेक'ने स्वतःसाठी खड्डा खणला तो एका भारतीय पात्राच्या निमित्ताने. फेब्रुवारी 1967 च्या एका भागात खान नूनियन सिंग हा जनुकसुधारित हुकूमशहा येतो. तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं सांगितलं जातं. भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांची. खान आणि सिंग एकाच नावात कसे, हा प्रश्न अमेरिकी प्रेक्षकाला पडला नाही. पटण्याजोगं काय, हे बघणाऱ्याला काय ठाऊक आहे त्यावर ठरतं, ते असं. कथेनुसार या खानने 1992 ते 1996 या काळात पृथ्वीच्या पाव भागाहून अधिकावर राज्य केलं. 1967 साली तो काळ लांब वाटला असेल. प्रत्यक्षात 1996 आलं, आपण विश्वचषकाचे सामने पाहिले, खान काही आला नाही.

मग काय करायचं? 1982 च्या चित्रपटात खान परतला, तेव्हा तो यानावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला ओळखतो. 1967 च्या त्या भागात चेकॉव्ह मालिकेत दाखलही झालेला नव्हता. ही चूक चाहत्यांनी हसून पचवली. तारखांचं तसं नव्हतं. शेवटी 2023 साली 'स्टार ट्रेक'च्याच 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या मालिकेत खुलासा आला, की काळात मागे जाऊन ढवळाढवळ करणाऱ्यांमुळे खानचा जन्मच पुढे ढकलला गेला. माझ्या मते ही पळवाट आहे. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगन या परग्रहवासीयांच्या बदललेल्या कपाळांचं स्पष्टीकरण देण्यात लेखकांनी 2005 साली दोन भाग खर्च केले, तेव्हाही हेच वाटलं होतं. रंगभूषेचं बजेट वाढलं, एवढं उत्तर पुरेसं होतं.

आपल्या केतन मेहता यांच्या 'कॅप्टन व्योम'ने 1998 साली तुलनेने शहाणी वाट धरली होती. मिलिंद सोमणचा व्योम फरार गुन्हेगारांना एकेक करून शोधतो. ती यादीच मालिकेची स्मरणवही होते: कोण सापडला, कोण बाकी. ग्राफिक्स आज केविलवाणे दिसतात, पण कथा कुठवर आली हे प्रेक्षकाला कळत राहतं.

पुढच्या भागापर्यंत एक करा. जी विज्ञानमालिका बघत असाल, तिच्या पहिल्या दोन भागांत 'हे अशक्य आहे' असं जे जे कुणी म्हणतं ते कागदावर टिपून ठेवा. त्यातलं पहिलं अशक्य कितव्या भागात शक्य झालं, आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते आम्हाला पत्राने कळवा.