वाडीवरच्या पोराचा हक्क कुणाच्या वहीत?

आवण उपटायला बायका शेतात उतरल्या की तान्हे पोर बांधावर इरल्याखाली, आणि त्याच्याजवळ राखणीला सहा-सात वर्षांची बहीण. महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याला हे काही नवे नाही. कदाचित तुम्हीही तसेच वाढला असाल. आईचं पोर, आई बघेल. सरकारचा त्यात काय संबंध?

संबंध आहे, आणि तो मेहेरबानीचा नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. तो ज्या आयोगात तयार झाला, तिथे भारताच्या हंसा मेहता होत्या. त्याच्या २५ व्या कलमात अन्न, वस्त्र, घर, औषधपाणी यांच्या जोडीला माता आणि बालक यांची विशेष काळजी हाही हक्क म्हणून लिहिला आहे. पुढे डिसेंबर १९९२ मध्ये भारताने बालहक्क संहिता स्वीकारली. कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांना सांभाळाच्या सोयीचा लाभ मिळण्याचा हक्क आहे, असे तीत स्पष्टच म्हटले आहे. लावणीला जाणारी बाई कामाला जाते की नाही, ते तुम्हीच सांगा.

आपल्या राज्यघटनेत पोषणाचे ४७ वे कलम आहे आणि सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचे ४५ वे. पण ही मार्गदर्शक तत्त्वे, त्यांवर कोर्टात जाता येत नाही, असे साहेबलोक ऐकवायचे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सरकारी योजनांचे लाभ हे कायदेशीर हक्क ठरवले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात तर असे आले की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे.

आता हा ४० चा आकडा आपल्या डोंगरात नेऊन बघा. वीस-पंचवीस उंबऱ्यांची वाडी, त्यात निम्म्या घरांना कुलूप, माणसे मुंबईला. चाळीस पोरं आणायची कुठून? धनगरवाडा असो वा कातकरीवाडी, मोजणीत बसत नाही ती वस्ती कागदावरून घसरते. कातकऱ्यांचे तर दिवाळीनंतर बिऱ्हाडच भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडाला परतते. मधल्या महिन्यांत पोराच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला की इथली वही मोकळी, आणि तिथल्या वहीत नाव चढतेच असे नाही.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा मात्र असा आकडा विचारत नाही. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीमार्फत मोफत आहार, गरोदर आणि स्तनदा मातेलाही आहार, असे कलम ४ आणि ५ सांगते. मातेला किमान ६,००० रुपये, असेही त्यात आहे. २०१७ च्या मातृवंदना योजनेने मात्र पहिल्या बाळासाठी ५,००० च धरले. तेव्हा वाडीत अंगणवाडी नाही म्हणून हक्क बुडत नाही. जवळच्या अंगणवाडीच्या यादीत वाडीतल्या प्रत्येक मुलाचे नाव हवे, आणि मध्ये ओढा आडवा येत असेल तर आहार ओढ्याअलीकडे कसा पोचणार, ते अधिकाऱ्याने सांगायचे. पोराने ओढा ओलांडायचा नाही.

ठराव आणि अंमल यांतले अंतर महाडकरांना कुणी शिकवायला नको. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह तळ्याचे पाणी घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये.

अंगणवाडीताईंवर सगळे ढकलू नका. त्यांच्या माथी नोंदी, वजने, मोबाइलवरची माहिती, वर तुमच्या आमच्या तक्रारी. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, एवढे मान्य व्हायलासुद्धा २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. अंगणवाडी काही तासांची, लावणी दिवसभराची; ही फट त्यांनी कशी बुजवायची? त्यासाठी २०२२ मध्ये केंद्राने मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आणली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची. आपल्या गावातून तिची मागणी गेली आहे का, हे सरपंचांना विचारा.

सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) यांनी आपल्या दप्तरातही डोकवावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर गेले, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला हवे. चटया आणि खुर्च्याच निघाल्या, तर लावणीच्या महिन्यात एका बाईला मानधन देऊन पोरं सांभाळायला का ठेवली नाही, हा प्रश्न रास्तच.

मागणी करायची ती तोंडी नको. वाडीतल्या सहा वर्षांखालील मुलांची नावे, जन्मतारखा लिहून ग्रामसभेचा ठराव जोडा. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. आहार मिळत नसेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत, त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. मुदत त्या तारखेपासून मोजायची असते.