न्यायासनावर कोण बसते?

राज्यशास्त्राच्या तासाला ‘न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य’ हा विषय आपण सर्वांनीच टिपून घेतलेला आहे. न्यायमूर्तींचे वेतन, त्यांची मुदत, त्यांना दूर करण्याची अवघड पद्धत, सारे पाठ असते. परंतु घटनेने ज्या खुर्चीचे एवढे रक्षण केले, तिच्यावर नेमके कोण जाऊन बसते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून आपणही तो विचारीत नाही.

केंद्र सरकारने २०२३ साली संसदेत दिलेले आकडे पाहावेत. २०१८ पासून देशातील उच्च न्यायालयांत ६०४ न्यायमूर्ती नेमले गेले. त्यांपैकी ४५८ सर्वसाधारण वर्गातील, ७२ इतर मागासवर्गीय, ३४ अल्पसंख्य, १८ अनुसूचित जातींचे आणि अनुसूचित जमातींचे अवघे ९. उरलेल्या १३ जणांची माहितीच उपलब्ध नव्हती. स्त्रिया त्या वर्षी सात न्यायमूर्तींत साधारण एक. केरळात ॲना चंडी १९५९ मध्येच उच्च न्यायालयात बसल्या होत्या. आपल्या मुंबईला सुजाता मनोहर यांच्या रूपाने पहिली स्त्री न्यायमूर्ती मिळायला १९७८ साल उजाडले.

गंमत अशी की, खालच्या न्यायालयांत स्त्रियांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक आहे. तिथे परीक्षा आहे, आणि अनेक राज्यांत राखीव जागाही आहेत. उच्च न्यायालयात दोन्ही नाहीत. घटनेचे कलम २१७ दहा वर्षांची वकिली किंवा तेवढेच न्यायिक पद एवढेच मागते. १९९३ च्या निकालापासून निवडीची सूत्रे न्यायवृंदाकडे आली. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व दोन ज्येष्ठ सहकारी नावे सुचवितात, पुढे ती सरकार व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाकडे जातात. जाहिरात नाही, अर्ज नाही.

मग नाव कुणाचे सुचते? जो वकील रोज समोर उभा असतो त्याचे. रोज उभे राहायला मोठी कामे हवीत, आणि ती मिळेपर्यंत वर्षानुवर्षे तुटपुंज्या मिळकतीवर काढायला घरचा आधार हवा. वडिलांचे फोर्टात चेंबर असेल तर प्रश्न मिटला! १९२३ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईत बॅरिस्टरी सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर मंडळी त्यांना काम देईनात. एवढ्या विद्वानाची ही कथा, तर इतरांचे काय सांगावे? स्त्रियांची ऐन उमेदीची वर्षे संसारात जातात. जिल्हा न्यायाधीश बढतीने वर पोचतात खरे, पण उशिरा. बासष्टाव्या वर्षी निवृत्ती असल्याने नावे सुचविणाऱ्या त्या तिघांत बसण्याइतकी ज्येष्ठता त्यांना क्वचितच लाभते. म्हणजे निवडणारेही बहुधा त्याच वाटेने आलेले.

यावर आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले, ‘स्त्री बसली म्हणजे स्त्रीला न्याय मिळेलच का?’ प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी मुलीच्या प्रकरणात पोलिसांना दोषी धरले ते नागपूर खंडपीठातील पुरुष न्यायमूर्तींनीच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते फिरविले. उलट २०२१ मध्ये त्याच खंडपीठावरील एका स्त्री न्यायमूर्तींनी कपड्यांवरून झालेला स्पर्श बालकांच्या लैंगिक संरक्षण कायद्यात बसत नाही असे म्हटले, आणि तो निकाल सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावा लागला. तेव्हा अमुक जातीचा किंवा लिंगाचा न्यायाधीश अमुकच निकाल देईल, असा माझा दावा नाही. पण गुणवत्ता मोजण्याचे साधनच जर ‘आमच्या पाहण्यात आलेला’ हे असेल, तर जे पाहण्यात येऊच शकले नाहीत त्यांची गुणवत्ता मोजली कुणी? २०१४ च्या घटनादुरुस्तीने न्यायवृंदाऐवजी आयोग आणला; २०१५ मध्ये तो रद्द झाला. त्यात सरकारचा हात शिरण्याचे भय खोटे नव्हते. मात्र जुनी पद्धत राहिली, तिच्यातली ही उणीवही राहिली.

आमच्या वर्गातून यंदा चौघीजणी विधी महाविद्यालयात जाणार आहेत. पुढे काय, असे मी विचारले. तिघी म्हणाल्या, सनद घ्यायची, तीन वर्षे वकिली करायची आणि दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचे. तिचा अभ्यासक्रम छापलेला मिळतो. चौथीला उच्च न्यायालयातच वकिली करायची आहे. मुंबईत राहायचे कुठे, हे अजून ठरलेले नाही.